मागल्या ओळीतल्या मथुराबाई

या, असे जवळ सरका. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. पखवाजाची कणीक वाळली तर वाळू द्या. ईट गावच्या मथुराबाईंचा आवाज गेला म्हणतात ना, तो कसा गेला ते सांगतो. गोष्ट लहानच आहे, पण कीर्तनात बसणाऱ्यानं ऐकून ठेवावी अशी आहे.

बाईंना पेटीची साथ करणाऱ्या रसूलभाईंनी आधी पेटी खाली दिली आणि मग ते स्वतः एसटीच्या दारातून उतरले. पेटी एका जुन्या चादरीत बांधलेली होती. कंडक्टरनं ती दोन्ही हातांनी, तान्हं मूल द्यावं तशी दिली आणि विचारलं, "मथुराबाईकडं का? गाणं हाय व्हय पुन्हा?"

"बघू. अल्लाची मर्जी," म्हणत रसूलभाईंनी पेटी खांद्यावर घेतली.

पाऊस पुन्हा रुसल्याचं साल होतं ते, चौऱ्याऐंशीनंतरचं. टँकर नुकताच येऊन गेला असावा. रस्त्यावर ओली रेघ होती आणि तिच्यावर चिमण्या बसल्या होत्या. फाट्यावरच्या हॉटेलात तबकडी लागली होती. मथुराबाईंचंच गाणं. ऊसतोडीला गेलेल्या माणसाची वाट बघणाऱ्या बाईचं: *गाडी गेली उसाला, दिवा राहिला दारात.* 'दारात' या शब्दावर बाईंचा आवाज जरासा मोडायचा, उंबऱ्याशी आलेलं माणूस परत फिरावं तसा. त्या मोडीपाठोपाठ पेटीचे दोन सूर यायचे. ते रसूलभाईंचे. हॉटेलात चहा पिणारे दोघंतिघं बशी ओठाशी धरून थांबले होते. रसूलभाई गालातल्या गालात हसले आणि पुढं निघाले.

मारुतीच्या देवळापुढं सप्ताहाचा मांडव पडला होता. उद्या काला. सांजेचं भजन रंगात आलं होतं. मधोमध वीणा छातीशी धरून आबाराव उभे, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बाया. रसूलभाईंनी कडेला चपला काढल्या, पेटी मांडीशी घेतली आणि बायांच्या ओळींवरून नजर मागं मागं नेली. एका खांबाशी मथुराबाई बसल्या होत्या. साधं सुती लुगडं, डोक्यावर पदर. हातातले टाळ नेमके वाजत होते. ओठ मात्र मिटलेले होते.

शेजारच्या बाईनं त्यांना कोपरानं ढोसलं. "गा की बाई. नुसत्या बसलाव."

मथुराबाईंनी मान हलवली. पण पुढचं ध्रुपद आलं तेव्हा राहवलं नाही त्यांना. त्यांनी हळूच, अगदी हळूच, आवाज लावला.

आधी त्यांची ओळ थांबली. मग पुढची. मग पुरुषांकडचे टाळ मंदावले. पखवाजवाल्यानं हात हलका केला. आबारावांनी डोळे मिटले. भरल्या मांडवात त्यांचा एकटीचा आवाज उरला, समईच्या ज्योतीसारखा सरळ. रसूलभाईंची बोटं चादरीवरूनच पेटी वाजवू लागली होती.

एकटीचा म्हणालो, पण तसं नाही. अगदी मागून, शेवटच्या ओळीतून, दुसरा एक आवाज चाललाच होता. फाटका, रुंद, सुराच्या खालून फरफटत येणारा. शेळ्या राखणारी म्हातारी भिमाबाई डोळे मिटून, सगळं तोंड उघडून गात होती. आजूबाजूला कोण थांबलं, कोण नाही, याची तिला गंधवार्ता नव्हती.

"ए भिमे, गप की! बाई गायल्यात."

भिमाबाईनं डोळे उघडले. "मग गाऊ द्या की. म्या कुठं नको म्हणले? म्या बी गायलेच."

"तुझ्या गाण्यानं शेळ्या पान्हा चोरत्यात म्हणं."

"चोरंनात. माझ्या हायेत त्या. तुमाला काय कुणी दूध मागिटलंय?"

हसू पिकलं. त्या हसण्यात मथुराबाईंनी तोंड मिटलं आणि टाळ मांडीवर ठेवले.

"बाई, थांबलाव कशाला?" आबाराव कळवळून म्हणाले. "आमी ऐकायलो की."

"तुमी ऐकायलाव म्हणूनच थांबले आबा," मथुराबाई म्हणाल्या.

भजन पुन्हा सुरू झालं खरं, पण लागलेली समाधी मोडली ती मोडलीच.

मथुराबाईंचं घर मांडवापासून हाकेच्या अंतरावर होतं. दिवेलागणीला त्यांनी रसूलभाईंना अंगणात बाज टाकून दिली, गुळाचा चहा दिला आणि स्वतः उंबऱ्यावर टेकल्या.

"आपला गाण्याचा संच कसा हाय?"

"संच?" रसूलभाईंनी चहा फुंकला. "ढोलकीवाला शिवलिंग हाटेलात कपबशा धुतोय बाई. मी लग्नाच्या बँडात जातो, पण औंदा लग्नंच कुठं हायेत? पाण्यावाचून वऱ्हाड कोण जेवू घालतंय?" मग एक घोट घेऊन त्यांनी आणलेलं बोलणं पुढं ठेवलं. "कारखान्याच्या हंगामाची सांगता हाय, ढोकीच्या अंगाला. चेअरमनसाहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, बाईला आणा, दुसरं कोण नको. ते एक झालं की पुढं चैत्रातल्या सगळ्या जत्रा आपल्याच हायेत. तुमी नुसतं व्हय म्हणा."

मथुराबाई बोटानं उंबऱ्यावरची रांगोळी पुसत राहिल्या.

ही दोन माणसं एकमेकांना भेटली होती ती बहात्तरच्या दुष्काळात, पाझर तलावाच्या कामावर. बँड बंद पडला म्हणून रसूलभाई खडी फोडायला आले होते. पलीकडच्या ढिगावर बाया हातोड्यांच्या ठेक्यात ओव्या म्हणत होत्या, आणि त्यातला एक आवाज रसूलभाईंच्या कानानं धरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी कामावर आणली. मुकादम ओरडला, मग तोही ऐकत बसला. तिथून पुढं गावोगावच्या जत्रा झाल्या, सोसायट्यांच्या नव्या इमारती, कारखान्यांचे समारंभ, रेडिओ, तबकड्या. जरीचं लुगडं आणि अंबाड्यात अबोली घालून मथुराबाई उभ्या राहिल्या की लहान पोरंसुद्धा रडायची थांबायची. तोडीला निघालेले गाडीवान त्यांचं गाणं ऐकायला बैल उभे करायचे. लोकांनी मुलींची नावं मथुरा ठेवली.

आणि मागच्या साली जळकोटच्या जत्रेत, ऐन भरात, ते 'दारात'चं गाणं संपवून त्यांनी माइक पेटीवर ठेवला, हात जोडले आणि म्हणाल्या, "आता मला चारचौघींसारखं राहू द्या." लोकांना वाटलं, पाणी प्यायला गेल्या असतील. बराच वेळ कोणी उठलं नाही.

"तुमाला पायजे तरी काय बाई?" रसूलभाईंनी कप खाली ठेवला. "कुणी वंगाळ बोललं? आमचं काही चुकलं?"

"न्हाय ओ." मथुराबाई हसल्या. "तुमी आता बघितलंच की. म्या तोंड उघडलं की माणसं गप व्हत्यात. देवाच्या दारात बी! भजनाला बसले तर भजन बंद पडतंय. दळायला बसले तर जात्यावरची बाई म्हणती, बाई तुमीच म्हणा, म्या ऐकते. पाण्याला गेले तर वाट करून देत्यात. मला पुढं घालत्यात आन माझ्याशी कुणी भांडत बी न्हाय."

"कदर हाय लोकांला."

"हाय. त्या कदरीला म्या नाव ठेवत न्हाय. रसूलभाई, तलावावर आमी गायचो तवा माझा आवाज कुठला, बाजूच्या कमळीचा कुठला, मलाच कळत नव्हतं. सगळ्यांचा मिळून एकच असायचा. पोटात अन्न नव्हतं, पर ऊन लागायचं न्हाय बघा. तुमी मला त्यातनं उचललं. चांगलं केलं, त्याच्यावर घर चाललं. पर तवापास्नं म्या एकटीच गाते. मला मरायच्या आधी पुन्हा एकदा त्या सगळ्यांच्या आवाजात जाऊन बसायचंय. बास, दुसरं काय न्हाय."

"आन न्हाय जमलं तर?"

मथुराबाईंनी पदर सावरला. "उद्या काल्याचं कीर्तन हाय. सगळं गाव गाणार. उद्या बी मला एकटीलाच गावं लागलं, तर येते तुमच्यासंगं. इथं गप बसण्यापरीस तिथं गाणं बरं. काला झाला की सांगते."

त्या रात्री आडवं होण्याआधी रसूलभाईंनी दुवा मागितली. नेमकी कशासाठी, ते त्यांना कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

सकाळी आबाराव स्वतः बोलवायला आले. देवळाच्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला होता. "रसूलभाई, तुमची पेटी काढा. तुमच्यासारखा वाजवणारा गावात असताना बुवांनी कोरडं कीर्तन करावं का?" रसूलभाई हात-पाय धुऊन, टोपी सारखी करून पखवाजाशेजारी बसले. मांडव शिगोशीग भरला होता. वर शिंक्याला काल्याची हंडी टांगली होती. मथुराबाईंसाठी बायांच्या पुढच्या ओळीत, बुवांच्या समोर, सतरंजी अंथरून ठेवली होती.

भिमाबाईची जागा वेगळी होती. बायांनी तिला बाहेरगावच्या बुवांचं नाव सांगून पार मागं, चपलांच्या ढिगाशी नेऊन बसवलं होतं.

"आजच्या दिवस हळू गा, मावशी. बुवा लई मोठे हायेत."

"मोठे हायेत तर त्येंला ऐकू जाईलच की. मोठ्यांदा गाते."

"अगं, सूर बिघडतो!"

"बिघडू दे. म्या काय बुवासाठी गाते व्हय?"

तेवढ्यात मथुराबाई आल्या. पुढून दोघी-तिघींनी "बाई, इकडं, इकडं" केलं. त्यांनी त्या सतरंजीकडं पाहिलं, मग मागं पाहिलं, आणि ओळींच्या मधून वाट काढत चपलांच्या ढिगापर्यंत गेल्या.

"मथुरे, हितं कशाला गं?" भिमाबाई म्हणाली. "तुझं अंथरुण तिकडं टाकलंय."

"सरक जराशी, मावशी."

बुवांनी नमन केलं, अभंग घेतला, निरूपणाला सुरुवात केली. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या तो प्रसंग बुवांनी रंगवला. कुणाच्या शिदोरीत काय होतं ते कुणी विचारलं नाही, म्हणाले. भाकर होती, कण्या होत्या, कुणाचं नुसतं मीठच होतं. मग दोन्ही हात वर करून त्यांनी ध्रुपद मांडवाकडं दिलं. रसूलभाईंनी सूर भरला. पुढच्या बायांनी तोंडं उघडली, पण नजरा मागं वळल्या. सवयच ती. आता बाई लावतील, आता आपण थांबायचं.

मथुराबाईंनी आवाज लावला.

रसूलभाईंचा डावा हात भात्यावर थबकला. पेटीनं एक उसासा टाकला आणि ती गप झाली. आवाज सुराच्या खाली होता. चांगला बोटभर खाली. पुढच्या शब्दावर तो आणखी घसरला. खुदा, झालं काय हे? रसूलभाईंनी मान उंच करून पाहिलं. मथुराबाईंचं तोंड सगळं उघडं होतं, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या; जीव तोडून गात होत्या त्या, आणि बेसूर गात होत्या. रात्री गारठा लागला असेल? सर्दी झाली असेल?

तेवढ्यात भिमाबाईचा आवाज ओळीच्या मध्येच, काही कारण नसताना, हिसका बसल्यासारखा वर गेला. मथुराबाईंचाही गेला. तिथंच, तेवढाच. भिमाबाईला दम लागला आणि तिनं शब्दाचे दोन तुकडे करून मध्येच श्वास घेतला. मथुराबाईंनीही शब्द तोडून तिथंच श्वास घेतला. बाई श्वास कुठं घेतात, हे रसूलभाईंना स्वतःच्या श्वासाइतकं ठाऊक होतं. शब्द मोडून त्यांनी आजवर कधी श्वास घेतला नव्हता. चुकणारा माणूस आपापल्या वाटेनं चुकतो. दोन माणसं इतकी सारखी चुकत नाहीत.

पुढच्या ओळीत बाया एकमेकींकडं बघू लागल्या. एकीनं गालावर हात ठेवला. कुजबुज झाली. कुणी चुकचुकलं. पण बुवांचे हात वरच होते, ध्रुपद टांगलेलं राहिलं होतं, आणि थांबून ऐकण्यासारखं मागं काही नव्हतं. मग एकीनं म्हटलं. दुसरीनं धरलं. ओळीमागून ओळ उठत गेली, पुरुषांनी टाळ चढवले, पखवाज घुमला, आणि सगळ्या मांडवाचा मिळून एक आवाज छपरापर्यंत गेला.

रसूलभाईंनी भाता पुन्हा हलवला. वाजवता वाजवता त्यांनी त्या आवाजात मथुराबाईंचा आवाज शोधला. एकदा शोधला, पुन्हा शोधला. सापडला नाही. दिसत मात्र त्या होत्या: डोळे मिटलेले, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, भिमाबाईच्या खांद्याला खांदा लागून दोघी एकाच झोकात डुलत होत्या.

हंडी फुटली. लाह्या-दह्याचा काला हातोहात वाटला जाऊ लागला. रसूलभाई पेटी चादरीत बांधत होते, तोच आबाराव शेजारी येऊन उकिडवे बसले. त्यांच्या मागं आणखी चारपाच जणं, आपण सहज उभे आहोत असं दाखवत, उभी राहिली.

"रसूलभाई," आबारावांचा आवाज पडला होता, "तुमी जाणकार. खरं काय ते सांगा. बाईंचा आवाज गेला न्हवं?"

रसूलभाई बांधता बांधता थांबले. सुराच्या बाबतीत ते आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. एका समारंभात चेअरमनसाहेबांची लेक गायली तेव्हाही "पोरगी गुणाची हाय" एवढंच म्हणून ते मोकळे झाले होते. आणि आता आपण काय बोललो तर काय होईल, हे त्यांना लख्ख दिसत होतं. ही गोष्ट आज भूमला जाईल, उद्या ढोकीला पोचेल. सांगता नाही, जत्रा नाहीत. पुन्हा कोणी बोलवायला येणार नाही.

त्यांनी मांडवापलीकडं पाहिलं. एक बाई कमरेवर हात ठेवून ओरडत होती, "ए मथुरा! बघत काय उभी राहिलीस? ते लाह्याचं घमेलं आण की हिकडं!" नुसतं मथुरा. आणि मथुराबाई घमेलं उचलून, लुगड्याचा काष्टा सावरत, लगबगीनं निघाल्या होत्या.

रसूलभाईंनी चादरीची गाठ ओढली.

"व्हय आबा," ते म्हणाले. "गेला. पार गेला."

"अरारा!" आबारावांनी कपाळाला हात लावला. "तरीच गाणं सोडून आली म्हणा बिचारी. आन आमी उगं गा गा करून जीव घेतला तिचा. छ्या छ्या. आता कुणी बोलू नका रे तिला." मागं उभी असलेली माणसं माना हलवत पांगली. घटकेत ते मांडवभर झालं.

एसटीची वेळ झाली तेव्हा मथुराबाई पानाच्या द्रोणात काला घेऊन रसूलभाईंजवळ आल्या. त्यांच्या हाताला कोपरापर्यंत दही लागलं होतं.

"काला झाला की सांगते म्हणला व्हताव बाई," रसूलभाई म्हणाले.

"सांगितलं की. सगळ्या गावादेखत."

दोघंही हसले. मग रसूलभाईंनी हसू आवरून डोळे पुसले. मथुराबाईंनी द्रोण त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "शिवलिंगचा हात चांगला हाय. त्याला वाया जाऊ देऊ नका. दुसरी गाणारी हुडका. तुमचा कान शाबूत हाय."

"शाबूत हाय म्हणूनच तर," रसूलभाई पुटपुटले.

तेवढ्यात तोंडातला घास चावत भिमाबाई तिथं आली. हातातली काठी तिनं जमिनीवर आपटली.

"आज कुठं जमलं गं तुला, मथुरे! काल कसं बारीक, एकटं एकटं गात व्हतीस. असं पोटातनं लावायचं असतंय."

मथुराबाईंनी मान खाली घातली. "व्हय मावशी."

"माझ्या शेजारीच बसत जा. येईल हळूहळू."

तर माणसांनो, मथुराबाईंना विसरू नका असं मी सांगायची गरज नाही. जुन्या तबकड्या ज्यांच्या घरी आहेत ते त्यांना विसरत नाहीत. मी मागतो ते एवढंच. उद्या कीर्तनाला बसाल, मागून कुणीतरी सूर सोडून, जीव ओतून गायला लागेल, आणि त्याला गप करायला तुमचं बोट ओठावर जाईल. तेव्हा ईटच्या भिमाबाईची आठवण ठेवा.